वेगळी चूल मांडण्याआधी

मैत्रिणींनो, ‘वेगळं व्हायचं का?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात एकदा तरी निघालेला असतो. कधी थोरल्या जाऊबाई काढतात, कधी तो आपल्याच मनात असतो. मग भांडीकुंडी, भाडं, सासूबाईंचं औषधपाणी, सणवार कोणाकडे, अशा शंभर गोष्टी पुढे येतात. त्या ठरल्याशिवाय वेगळी चूल सुखानं पेटत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण हाच प्रश्न एखाद्या देशापुढे आला, की ‘ते राजकारण पुरुषांनी बघावं’ म्हणून आपण पुन्हा कणीक तिंबायला लागतो. असं का बरं?

हे सुचायला निमित्त झालं कुरडयांचं! गेल्या उन्हाळ्यात आमच्या पनवेलच्या घराच्या गच्चीवर मी आणि शेजारच्या काकू सोऱ्यातून कुरडया घालत होतो. काकूंचं माहेर आणि सासरही गोव्याचं. यजमानांच्या नोकरीमुळे त्या पनवेलला आल्या आणि इथल्याच झाल्या. लंडनला दिलेली माझी भाची माहेरपणाला आली होती, तीही मदतीला बसली. बोलता बोलता विषय निघाला, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्याचा.

ब्रिटन या संघाच्या घरात आलं १९७३ साली. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, लोकांना विचारलं, राहायचं ना? तेव्हा सुमारे ६७ टक्के लोक ‘राहू’ म्हणाले. पुढे २३ जून २०१६ रोजी पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी ५१.९ टक्के लोकांनी ‘बाहेर पडू’ म्हटलं, ४८.१ टक्के लोकांनी ‘राहू’.

बाहेर पडू म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? आमचे कायदे आम्ही करू, बाहेरून किती माणसं यावीत ते आम्ही ठरवू, संघाला द्यायचा पैसा घरात राहील. राहू म्हणणारे म्हणत, एवढा मोठा बाजार दाराशी आहे, तो का सोडायचा? दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतंच.

“पण मावशी, गंमत अशी,” भाची म्हणाली, “माझा पासपोर्ट भारताचा, तरी मला मत होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे राहतात, त्यांना होतं. आणि शेजारची पोलंडची बाई, दहा वर्षं तिथे राहिलेली, मुलं तिथल्या शाळेत, तिला मात्र नव्हतं. बदलणार होतं ते तिचंच आयुष्य!”

म्हणजे ज्या सुनेचा संसार हलणार, तिलाच बैठकीला बोलावलं नाही म्हणायचं!

आणखी एक गोष्ट झाली. कागदावर प्रश्न एवढाच होता, राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडून कसं राहायचं, हे त्यावर नव्हतं. बाजाराशी नातं किती ठेवायचं? आयर्लंडची सीमा उघडी ठेवायची की तिथे तपासणी करायची? हे सगळं मत देऊन झाल्यावर निघालं. निकालानंतर दोन पंतप्रधानांना जावं लागलं, आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी तर ‘राहू’ म्हणून मत दिलं होतं. तेही सगळ्यांबरोबर बाहेर पडले.

इतका वेळ काकू गप्प होत्या. हातातला सोऱ्या खाली ठेवून म्हणाल्या, “अगो, आमच्या गोव्यातसुद्धा झालं होतं हे. मी नवी नवरी होते तेव्हा.”

पनवेलहून दक्षिणेला जो महामार्ग निघतो, तो थेट गोव्यात जातो. त्या रस्त्यानं आपण मंगेशीला, शांतादुर्गेला जातो. पण त्या गोव्यात हा कौल कसा झाला, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. मग प्रश्न आला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, तर युनायटेड गोवन्सचे जॅक सिक्वेरा विरुद्ध बाजूचे. कौल मोकळेपणी व्हावा म्हणून त्याआधी बांदोडकरांचं मंत्रिमंडळ बाजूला झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं.

“घराघरात वाद!” काकू सांगत होत्या. “आमच्याकडे बोलणं कोकणीत, आणि पोथी, वर्तमानपत्र मराठीत. मग आम्ही कोणाचे? हे म्हणायचे, शाळा मराठी, वाचणं मराठी, महाराष्ट्राच्या आधारानं गरीब माणूस वर येईल. मला वाटायचं, कोकणीही आमची भाषाच की! एवढ्या मोठ्या घरात आमचा आवाज कोण ऐकणार? पणजीला जाऊन गाऱ्हाणं सांगता येतं, मुंबईला कोण जाणार?”

“मग तुम्ही?” मी विचारलं.

“ह्यांनी फुलाला दिलं. मी पानांना. घरी येऊन ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, मत गुप्त असतं म्हणतात ना! काय ते समजले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.”

वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आता पुढचं ऐका हं. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं! म्हणजे त्यांचा विलीनीकरणाचा विचार नाकारला, माणूस नाही नाकारला. “त्या खेपेला आम्ही दोघांनीही भाऊसाहेबांनाच दिलं,” काकू हसून म्हणाल्या.

म्हणून सगळं एका दिवसात मिटलं असं नाही. भाषेचा वाद वीस वर्षं धुमसत राहिला. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा मिळाली, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झालं. पण १९६७ साली एक बरं होतं. दोन्ही निशाण्यांमागे काय आहे, हे मत देणाऱ्याला ठाऊक होतं. फुलामागे महाराष्ट्र होता, दोन पानांमागे त्या वेळी होता तोच कारभार.

आपला महाराष्ट्रसुद्धा १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यातून वेगळा होऊनच उभा राहिला ना? वेगळ्या विदर्भाची मागणीही अधूनमधून निघतेच. तेव्हा वेगळं होणं वाईट आणि एकत्र राहणंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. फक्त असा प्रश्न निघाला, की आपण घरात विचारतो तेच तीन प्रश्न विचारा. वेगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय? ज्यांचा संसार हलणार, त्यांना विचारलंत का? आणि ज्यांचं ऐकलं गेलं नाही, त्यांच्याशी उद्या कसं वागणार?

आणि मत मात्र स्वतःचं द्या. काकूंच्या यजमानांनी तिसऱ्या दिवशी सकाळी आपणहून चहा केला, आणि पहिला कप काकूंच्या हातात दिला म्हणे!