पोलादानंतरचं बर्मिंगहॅम

लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी एकाच टापूत मिळाली, म्हणून अमेरिकेच्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम वसलं. इथली १८८२ मध्ये पेटलेली स्लॉस भट्टी १९७१ मध्ये विझली; आता तिथे संग्रहालय आहे. आज राज्यात सर्वाधिक नोकऱ्या देणाऱ्यांत पहिलं नाव येतं ते यूएबी या इथल्या विद्यापीठाचं आणि त्याच्या रुग्णालयाचं.

माझं काम संशोधनाच्या ग्रँटचे हिशेब ठेवण्याचं. केंद्र सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेकडून यूएबीला वर्षाला ३० कोटी डॉलरहून अधिक निधी येतो. तो मोठमोठ्या प्राध्यापकांनाच मिळतो, असा अनेकांचा समज आहे. पण ग्रँटची पगारपत्रकं उघडली की दिसते ती रक्ताचे नमुने घेणारी नर्स, उणे ८० अंशांचे फ्रीझर सांभाळणारा तंत्रज्ञ, उंदरांचे पिंजरे धुणारा कामगार, रुग्णांना फोन करून पुढच्या तपासणीची तारीख देणारी मुलगी. यांतल्या बहुतेकांकडे पीएचडी नाही. त्यांचा पगार घरभाडं, गाडीचा हप्ता, किराणा यांत जातो, म्हणजे गावातच फिरतो.

या फिरण्याचा हिशेबही मांडला जातो. २०२४ च्या आर्थिक वर्षात एनआयएचने देशभर सुमारे ३,७०० कोटी डॉलरचा निधी दिला आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे २.५६ डॉलरची उलाढाल झाली, असा ‘युनायटेड फॉर मेडिकल रिसर्च’ या गटाचा अंदाज आहे. हा गट निधी वाढावा म्हणून झटणारा, त्यामुळे आकडा मी जपूनच वापरते. तेच पैसे शाळांवर किंवा रस्त्यांवर खर्चले असते तर काय झालं असतं, ते त्यात येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने ‘इनडायरेक्ट’ खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली, तेव्हा इथे धास्ती पसरली. प्रत्यक्ष प्रयोगाच्या खर्चावर ठरावीक टक्क्यांनी मिळणारी ही रक्कम वीज, इमारती, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, आमच्यासारखे हिशेबनीस यांच्यासाठी असते. दर ४० टक्के असेल, तर १०० डॉलरच्या प्रयोगामागे मिळणारे ४० डॉलर एकदम १५ वर येतात. प्रयोग मंजूर राहतो, पण फ्रीझरची वीज कोण भरणार? सत्ताधारी पक्षाच्याच असलेल्या इथल्या सिनेटर केटी ब्रिट यांनीही चिंता व्यक्त केली. पुढे न्यायालयाने ती मर्यादा अडवली.

या पैशाची बाजू मी मनापासून घेते. तरीही तो बहुतांशी बर्मिंगहॅममध्येच थांबतो, हे मला सलतं. दक्षिणेकडच्या ‘ब्लॅक बेल्ट’ या काळ्या मातीच्या गरीब पट्ट्यात डॉक्टर कमी आहेत. राज्याच्या ग्रामीण भागात प्रसूती विभाग बंद पडत आले आहेत. मधुमेह, रक्तदाबाचं ओझं तिथेच जास्त, आणि चाचणीत भाग घ्यायचा तर दिवसाची मजुरी बुडवून गाडी काढायची तीही तिथल्याच माणसांनी. ग्रँटच्या अंदाजपत्रकात त्यांच्या प्रवासखर्चाची आणि गावातच नमुने घेणाऱ्या नर्सच्या पगाराची तरतूद सुरुवातीलाच करता येते. प्रस्ताव माझ्या टेबलावर आला की मी आधी त्या दोन रकमा शोधते.