गाडी नवी, मग ब्रेक आणि बुश इतक्या लवकर का जातात?

कर्ज काढून घेतलेली गाडी दोन वर्षांतच खडखड करू लागली की धंद्याचा हिशेब बिघडतो. प्रभादेवीत त्याची कारणे रस्त्यावरच आहेत. १२ सप्टेंबर २०२५ रोजी एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला आणि परळकडे जाणारी वाहने दादरचा टिळक पूल व करी रोडकडे वळली. अशा रांगेत सारखा ब्रेक लागतो व पॅड झिजतात. त्यात पावसाळ्यात हिंदमाताचे पाणी, खड्डे आणि मागे भरलेला जादा माल. मग बुश व शॉकॲब्सॉर्बर टिकणार कसे?

मात्र प्रत्येक झीज वापरामुळेच होते असे नाही. पॅड बदलण्यापूर्वी पुढची दोन्ही चाके आपल्यासमोर उघडून घ्यावीत. सर्व पॅड सारखे झिजले असतील तर कारण बहुधा वाहतूक किंवा ओझे. एकाच चाकाचे पॅड संपले, किंवा आतला पॅड बाहेरच्याहून पातळ झाला, तर कॅलिपर किंवा त्याची पिन अडकली असण्याचा संभव असतो. ती दुरुस्त न करता नवे पॅड टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

झिजणारे भाग साधारणतः वॉरंटीत येत नाहीत; कॅलिपरचा दोष येऊ शकतो. म्हणून तक्रार किलोमीटरसह जॉबकार्डवर लिहून घ्यावी, जुन्या भागांचे फोटो ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाद मागावी लागते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या गाडीला तो लागू होतो. छोट्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.