नवा डाव कधी?

एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरात दहा डाव शिकून मुली माझ्या ज्युदोच्या वर्गाला येतात. मनगट खरंच कुणी घट्ट धरलं, की दहापैकी एकही आठवत नाही! जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानात ज्युदो सुरू केला. १९२०च्या अभ्यासक्रमात फेकीचे ४० डाव होते, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट, ‘कुझुशी’. म्हणजे आधी समोरच्याचा तोल घालवायचा. तो ढकलतोय? मग त्याच दिशेने ओढा. ताकद त्याचीच वापरायची, बरं का! म्हणून आम्ही पहिला महिना फक्त नीट पडायला शिकतो आणि एकमेकींचा तोल ढळवतो. परवा नववीतल्या एका किरकोळ पोरीने चांगल्या दणकट मैत्रिणीला अलगद आडवं केलं. आयांची तक्रार मात्र चालूच, “मॅडम, फी घेऊन नुसतं पाडताय, डाव कधी शिकवणार?”