पोटाची सोनोग्राफी : काय दिसतं, काय दिसत नाही

पोटात कळ आली की आपल्याकडं आधी ओवा, मग सोडा, मग दुकानातली गोळी. दुखणं थांबलं की माणूस पुन्हा उसाच्या फडात. पण तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल, किंवा पाठीतून जांघेकडं कळ जात असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा आधी सोनोग्राफी सांगतील.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या ध्वनिलहरी पोटात सोडतात. त्या अवयवांवरून परततात आणि पडद्यावर चित्र उमटतं. पित्ताशयातले खडे, मूतखडा, मूत्रपिंडाची सूज, यकृतातली चरबी वा गळू, पोटात साठलेलं पाणी यात दिसतं. जठरातला अल्सर मात्र नीट दिसत नाही; त्याला दुर्बिणीची तपासणी लागते. आतड्यातल्या वायूमुळं स्वादुपिंड झाकलं जातं. मूत्रनलिकेतला बारीक खडाही कधी निसटतो. म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी दुखणं चालूच असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडं जा.

तपासणीआधी ६ ते ८ तास उपाशी राहावं. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, मग खडे नीट दिसत नाहीत. खालच्या पोटासाठी पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायला सांगतात. मधुमेह असेल तर उपाशीपोटी औषध घ्यायचं का, हे आधी विचारा.

आपल्या जिल्ह्यात हे यंत्र एकेकाळी बदनाम झालं. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८३९ मुली होत्या. २०१० मध्ये जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले. २०११ च्या जनगणनेत हा आकडा ८६३ झाला. गर्भलिंग तपासणं हा गुन्हाच आहे. पोटदुखीची तपासणी हा गुन्हा नव्हे. लोक काय म्हणतील म्हणून घरातल्या बाईमाणसाचं दुखणं लांबवू नका.

सरपंच आणि आशाताईंनी एवढं घरोघर सांगावं : पोटदुखीबरोबर ताप, कावीळ, न थांबणाऱ्या उलट्या किंवा पोट कडक होणं दिसलं, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि पेशंटला थेट सीपीआर किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.