हँगिंग बास्केटमधला पिटुनिया: आधी विक्रीची तारीख, मग बी

घरच्या घरी फुलझाडांच्या बास्केट तयार करून विकायच्या आहेत? मग आधी कॅलेंडर काढा. या धंद्यात बियाण्यापेक्षा चुकलेली तारीख महाग पडते.

उलटी मोजणी

पिटुनियाला बी पेरल्यापासून फूल यायला साधारण १० ते १२ आठवडे लागतात. गिऱ्हाईक फूल बघूनच बास्केट उचलतं. १५ डिसेंबरला विक्री सुरू करायची, तर पेरणी २२ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर या काळात व्हायला हवी. उशीर झाला तर फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल, आणि आपल्याकडच्या उन्हात पिटुनिया फार टिकत नाही.

बी घेताना

पाकिटावर 'ट्रेलिंग' किंवा 'स्प्रेडिंग' लिहिलेलं बघा. साधा पिटुनिया उभा वाढतो, खाली लोंबत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा पुरस्कार मिळवणारा 'पर्पल वेव्ह' हा बियांपासून होणारा पसरणारा पिटुनिया. एफ-१ संकरित झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरू नका, झाडं एकसारखी येत नाहीत.

पेरणी

१. प्रो-ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट भरा.
२. बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक असतं. वरच ठेवा, झाकू नका. उगवायला उजेड लागतो.
३. पाणी स्प्रेने द्या. झारीने बी वाहून जातं.
४. ट्रे पावसापासून आडोशाला, पण उजेडात ठेवा. ७ ते १४ दिवसांत उगवण होते.
५. उगवल्यावर हवा खेळती ठेवा. सतत चिखल राहिला की मर रोगाने रोपं कोलमडतात.

चार-पाच पानं आली की १० इंची बास्केटमध्ये तीन रोपं लावा. टांगलेली कुंडी लवकर सुकते, म्हणून रोज बोट घालून ओल बघा.

आता खरा हिशोब

समजा, कुंडी ७० रुपये, कोकोपीट आणि गांडूळखत ३०, तीन रोपं १५, खत-औषध १०. खर्च झाला १२५, विक्री २५०. पन्नास बास्केट विकल्या तर ६,२५० रुपये सुटतात. त्यातल्या १५ पडून राहिल्या तर? विक्री ८,७५०, खर्च तोच ६,२५०, हातात २,५००. म्हणजे माल ३० टक्के उरला, पण नफा ६० टक्के गेला! तुमची मेहनत तर यात धरलेलीच नाही.

म्हणून पन्नास एकदम करू नका. २५ बास्केटचं बी आज पेरा, उरलेलं १५ दिवसांनी. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर, ओळखीच्या दुकानदारांकडे विचारा आणि थोडी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर लिहून ठेवा. दुसरी पेरणी किती करायची, ते त्या वहीवरून ठरवा. ऑर्डर कमी असेल तर बी पाकिटातच राहू द्या. पाकिटातल्या बियाला ना कुंडी लागते, ना रोजचं पाणी.