फिश टँकची डोसिंग नळी गळतेय? थेंब पडतो तिथे नको, वर बघा

हॉलमधला फिश टँक आता फक्त गोल्डफिशपुरता राहिलेला नाही. कुणी त्यात हिरवीगार पाणवनस्पतींची बाग करतं, तर कुणी खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवतं. अशा टाकीला रोज ठरावीक वेळी ठरावीक मिलीलिटर खत किंवा क्षार द्यावे लागतात. रोज सिरिंज घेऊन उभं राहणं जमत नाही आणि दिवाळीला आठ दिवस गावी जायचं असेल तर मग प्रश्नच येतो. म्हणून लोक डोसिंग पंप बसवतात. एक छोटी मोटर, एक बाटली आणि पेन्सिलपेक्षा बारीक नळी. ठरलेल्या वेळी मोटर गुरगुरते आणि पाच-दहा मिलीलिटर औषध टाकीत जातं.

आणि मग एक दिवस कॅबिनेट उघडल्यावर आतली फळी ओली दिसते.

खाली फडकं ठेवून आपण विषय संपवतो. थेंबभर तर पाणी आहे, असं वाटतं. पण डोसिंगच्या नळीतला तो थेंब दोन गोष्टी सांगत असतो. एक, टाकीला जे मिळायला हवं ते मिळत नाहीये. दोन, त्याच कॅबिनेटमध्ये २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्डही असतो. तेव्हा हात लावण्याआधी पंप, हीटर आणि लाइट, सगळ्यांची बटणं बंद करा. हे एवढं काम मुलांना करू देऊ नका, बाकीचं सगळं त्यांच्यासोबत करण्यासारखं आहे.

गळती नेमकी कुठे आहे?

पावसाळ्यात छताला ओल येते तेव्हा डाग दिसतो तिथे भेग नसते, हे आपल्याला माहीत आहे. नळीचंही तसंच आहे. जोडातून सुटलेलं पाणी नळीच्या अंगावरून ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या वळणावर थेंब होऊन पडतं. त्यामुळे थेंब दिसतो तिथून सुरुवात करून वर वर जायचं.

सगळे जोड कोरडे पुसा. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरचा एकेक तुकडा गुंडाळा. मग पंपाच्या मॅन्युअल बटणाने मिनिटभर मोटर चालवा. जो कागद आधी भिजेल तो जोड दोषी. औषध रंगहीन असेल तर बाटलीच्या जागी पाण्याचा ग्लास ठेवून त्यात खायच्या रंगाचे दोन थेंब टाका, म्हणजे कागदावर लगेच दिसेल. या चाचणीच्या वेळी नळीचं दुसरं टोक टाकीत नको, रिकाम्या ग्लासात ठेवा.

कधीकधी कागद कोरडाच राहतो, पण जोडाभोवती पांढरी पापडी दिसते. ही जुन्या गळतीची खूण. पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. अशा जोडाला कोरडा आहे म्हणून सोडू नका.

न दिसणारी गळती जास्त वाईट

आता जो भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, त्याकडे वळू. पंपाच्या दोन बाजू असतात. एक बाटलीतून ओढणारी, दुसरी टाकीकडे ढकलणारी. ढकलणाऱ्या बाजूचा जोड सैल असेल तर औषध बाहेर येतं आणि आपल्याला दिसतं. ओढणाऱ्या बाजूचा जोड सैल असेल तर बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. फळी कोरडी, फडकं कोरडं, पंप वेळेवर गुरगुरतोय. फक्त नळीत बुडबुडे दिसतात.

याने किती फरक पडतो? थोडा हिशोब करू. आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत साधारण साडेबारा मिलीलिटर द्रव मावतो. तुमचा रोजचा डोस ५ मिलीलिटर आहे असं समजा. पंप थांबल्यावर सैल जोडातून हवा शिरली की ओढणाऱ्या नळीतलं औषध घसरून परत बाटलीत जातं. दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा ५ मिलीलिटरचे फेरे मारतो, औषध नळीत जेमतेम ४० सेंटिमीटर चढतं आणि थांबल्यावर पुन्हा खाली येतं. पंप रोज फिरतो आणि टाकीत एक थेंबही पोहोचत नाही! कारण पंपाला औषध कळत नाही, त्याला फक्त फेरे कळतात. म्हणूनच डोसिंगला बारीक नळी चांगली. आतून २ मिलिमीटरच्या तेवढ्याच नळीत फक्त ३ मिलीलिटरच्या आसपास मावतं.

इथे आणखी एक धोका आहे. पानं पिवळी पडायला लागली की आपण डोस वाढवतो. पाचचा दहा करतो. मग कधीतरी नळी बदलली जाते, जोड घट्ट बसतो आणि टाकीला अचानक दुप्पट खत मिळायला लागतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर क्षारता अशी वर-खाली झाली की प्रवाळ ते सहन करत नाहीत. तेव्हा डोस बदलण्याआधी नळीचं टोक मोजपात्रात धरा आणि एक पूर्ण डोस मोजा. मेडिकलच्या दुकानातली १० मिलीलिटरची सिरिंज, सुईशिवाय, या कामाला पुरते. पडद्यावरचा आकडा आणि सिरिंजमधला आकडा जुळत नसेल तर आधी जोड बघा, डोस नंतर.

दुरुस्ती बहुतेक वेळा एक सेंटिमीटरची असते

नळी नवीन आणायला बाजारात धावू नका. कनेक्टरवर चढवलेलं टोकच ताणून सैल झालेलं किंवा बारीक चिरलेलं असतं, बाकीची नळी ठणठणीत असते. ते टोक एक-दोन सेंटिमीटर कापून टाका आणि ताजा भाग बसवा. कापताना कात्री वापरू नका, ती नळी दाबून चपटी करते. नवं ब्लेड घ्या आणि अगदी सरळ, काटकोनात कापा. तिरकं कापलेलं टोक एका बाजूला कमी बसतं आणि तिथूनच गळतं.

नळी पारदर्शक, कडक पीव्हीसीची असेल तर टोक पंधरा-वीस सेकंद गरम पाण्यात बुडवा. ते नरम होऊन कनेक्टरच्या कंगोऱ्यांवर सहज चढतं आणि थंड झाल्यावर घट्ट बसतं. सिलिकॉनची नळी मुळातच मऊ असते, तिला फक्त पाण्याचं बोट पुरे. तेल किंवा व्हॅसलिन लावू नका. नळी सहज चढते तशी सहज उतरतेही, आणि ते टाकीत जाणं मुळीच बरं नाही.

नळी कंगोऱ्यांच्या पलीकडेपर्यंत ढकला. वरून पकड लावायची तर ती कंगोऱ्याच्या मागे बसली पाहिजे, नळीच्या टोकाजवळ. प्लॅस्टिकचे झिप टाय घरात असतातच, पण ते ओढून ओढून आवळले की मऊ नळीत रुततात आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथेच चीर पडते. त्यापेक्षा स्प्रिंगची छोटी क्लिप बरी.

टेफ्लॉन टेपबद्दल बरेच गैरसमज आहेत. ती आट्यांसाठी असते, म्हणजे नट आणि पाइप फिरवून बसवतो तिथे. कंगोऱ्यांवर टेप गुंडाळून वर नळी चढवली तर ती घसरते आणि गळती वाढते. झटपट चिकटणारा गोंदही सिलिकॉनला धरत नाही. आज चिकटल्यासारखा वाटेल, उद्या पापुद्र्यासारखा निघेल.

आरओच्या नळीची गंमत

बऱ्याच जणांनी डोसिंगला घरच्या वॉटर प्युरिफायरची पांढरी नळी आणि ढकलून बसवायचे कनेक्टर वापरलेले असतात. कल्पना चांगली आहे, कारण हे सुटे भाग कुठल्याही गावात आरओवाल्याकडे मिळतात. फक्त एक गोष्ट तपासा. आरओची नळी बाहेरून पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. फिश टँकच्या दुकानातली हवेची नळी बहुधा ६ मिलिमीटरची. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण पाव इंचाच्या कनेक्टरमध्ये ६ मिलिमीटरची नळी बसली तरी सील होत नाही. कितीही ढकला, गळणारच.

नळी योग्य मापाची असूनही गळत असेल तर ती पूर्ण आत गेलेली नाही. पहिल्यांदा अडल्यासारखी होते तिथे आपण थांबतो. तिथून पुढे आणखी जोर लावला की ती रबरी रिंगमधून आत सरकते. काढताना मात्र ओढू नका, कनेक्टरची कडा बोटांनी आत दाबून धरा आणि मग नळी बाहेर घ्या. टोकावर ओरखडे उठले असतील तर तेवढं कापून पुन्हा बसवा.

तोंड तुंबलं तरी जोड गळतो

जोड नीट आहे, तरी गळतोय? मग टाकीकडचं टोक बघा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत कॅल्शियम आणि क्षारता वाढवणारी द्रावणं शेजारी शेजारी सोडली तर तिथेच त्यांचा खडूसारखा पांढरा थर जमतो. तोंड बारीक होत जातं, पंप ढकलत राहतो आणि दाब सगळ्यात कमकुवत जोडावर येतो. टोक काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये भिजवा, स्वच्छ धुवा आणि पुन्हा लावा. दोन्ही नळ्यांची तोंडं टाकीत लांब लांब ठेवा आणि डोसच्या वेळांतही अंतर राहू द्या.

पंपाच्या डोक्यातली नळी

या पंपात रोलर फिरतात आणि मऊ नळीला दाबत दाबत औषध पुढे सरकवतात, साबुदाण्याच्या चिकातली पिशवी पिळावी तसं. पंप थांबलेला असतानाही एखादा रोलर नळी दाबून धरतो, म्हणून औषध आपोआप वाहत नाही. पण रोज दाबली जाणारी ही नळी कालांतराने चपटी, कडक होते. मग ती पूर्ण मिटत नाही.

हे तपासणं सोपं आहे. पंप बंद करा, नळीत औषध भरलेलं असू द्या आणि टाकीकडचं टोक बाटलीपेक्षा खाली ठेवलेल्या कोरड्या ग्लासात सोडा. तासाभराने ग्लास कोरडा असेल तर ठीक. थेंब जमले असतील तर आतली नळी बदला. ती सुटी मिळते, आख्खा पंप घ्यायची गरज नसते.

ही चाचणी मी सगळ्यात महत्त्वाची मानते. नळी मिटत नसेल आणि बाटली टाकीपेक्षा उंचावर असेल तर रात्रीत आख्खी बाटली टाकीत रिकामी होऊ शकते. खतात तांबं असेल तर झिंग्यांसारख्या नाजूक जिवांना ते आधी बाधतं. बाटली खाली आणि नळीचं टोक पाण्यात बुडलेलं असेल तर उलटा प्रकार होतो. टाकीचं पाणी नळीतून उतरत बाटलीत येतं, बाटली भरून वाहते आणि पाणी थेट बोर्डावर! यावर उपाय फुकट आहे. बाटली टाकीच्या पातळीखाली ठेवा आणि नळीचं टोक पाण्याच्या वर दोन बोटं अधांतरी राहू द्या. थेंब पडताना दिसेल तोही फायदाच. चेक व्हॉल्व्ह जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर टोक बुडवू नका. क्षाराचा एक कण अडकला की तोही उघडा राहतो.

गावी जाण्याआधी

निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान चार दिवस आधी जोड बदला, म्हणजे नवा जोड तुमच्या डोळ्यांदेखत टिकतो की नाही ते कळेल. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. रोज ५ मिलीलिटर आणि दहा दिवस, म्हणजे ५० मिलीलिटर आणि थोडं वर, बस्स. नळीने दगा दिलाच तरी तेवढंच टाकीत जाईल. बाटली आणि पंप उभ्या कडांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचलून भिंतीला लावा आणि प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोल घेईल अशी सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनला एकदा विचारून घ्या.

सुटे भाग घ्यायला मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, कोलकात्यात रविवारी भरणारा गॅलिफ स्ट्रीटचा बाजार, चेन्नईत कोलातूर, असं प्रत्येक शहराचं आपलं ठिकाण आहे. जाताना जुन्या नळीचा कापलेला तुकडा खिशात ठेवा. दुकानदाराला माप तोंडी सांगण्यापेक्षा तो दाखवणं सोपं पडतं.