सहा एकर आणि साडेसातशे रुपये

पुण्याच्या कर्वेनगरात, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात, मोठमोठ्या इमारतींमध्ये एक झोपडी जपून ठेवली आहे. संस्थेची स्वतःच्या जागेवरची पहिली वास्तू ती हीच. निवास, वर्ग, कार्यालय असे वेगळे खण पाडण्याची तेव्हा ऐपत नव्हती.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी, म्हणजे आजची ही संस्था, स्थापन झाली. डॉ. रा. गो. भांडारकर अध्यक्ष झाले, कर्व्यांनी पदरचे हजार रुपये घातले. मंडळी झाली, पण जागा नव्हती. पुण्यात आश्रम सुरू झाला तो दुसऱ्याच्या वाड्यात. त्यात प्लेगची साथ. शहरातली माणसं घरं टाकून गावाबाहेर राहायला जात होती. विधवांना शिकवणाऱ्यांकडे समाज आधीच वाकड्या नजरेनं पाहत होता. अशा संस्थेला आपल्या मालकीचं छप्पर किती गरजेचं असेल, हे वेगळं सांगायला नको.

ते मिळालं रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांच्यामुळे. त्यांनी हिंगण्याची, म्हणजे आजच्या कर्वेनगरातली, सहा एकर जमीन दिली आणि वर इमारतीसाठी ७५० रुपये. जमीन देणारा पुष्कळदा तिथंच थांबतो; बांधायचं कशातून, हा प्रश्न संस्थेच्या गळ्यात राहतो. गोखल्यांनी दोन्हीची सोय केली, म्हणून त्यांचं दान मला फार शहाणपणाचं वाटतं. १९०० साली आश्रम हिंगण्याला हलला.

हिंगणे तेव्हा शहरापासून चांगलंच लांब. कॉलेजातले तास संपले की कर्वे पायी निघत. पावसाळ्यात वाट चिखलाची. जाताना आश्रमाला लागणारं सामानसुमान बरोबर घ्यायचं, तिथं पोहोचून मुलींना शिकवायचं, आणि पुन्हा कॉलेज गाठायचं. घराची बाजू गोदूबाईंनी सांभाळली; सगळे त्यांना ‘बाया’ म्हणत. इमारत ज्या पैशांत उभी राहिली त्यात या पायपिटीचा आणि बायांच्या कष्टांचा खर्च कुठं धरलेला नाही.

छप्पर झालं तरी रोजचा खर्च उरतोच. सुटी लागली की कर्वे वर्गणीसाठी गावोगाव फिरत. पण या कामात पार्वतीबाई आठवल्यांची बरोबरी करणारं दुसरं नाव मला सुचत नाही. बायांची ही बहीण, स्वतः तरुण वयात विधवा झालेली, मोठेपणी शिकलेली. तिनं आश्रमाची व्यवस्था पाहिली, सभांमधून व्याख्यानं देऊन पैसे जमवले, पुढं निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेली. लोकांपुढे पदर पसरायला लाज वाटत नाही, ती कामावरच्या विश्वासामुळे. भिंतीसाठी पैसे मागणं त्यामानानं सोपं, कारण भिंत दाखवता येते आणि तिच्यावर देणगीदाराचं नाव कोरता येतं. रोजचा शिधा, शिक्षिकेचा पगार, दिव्याचं तेल यांवर कुणाचं नाव लागत नाही. तरी आश्रम चालला तो याच पैशांवर. आज नव्या कार्यालयासाठी इमारत निधी उभारणाऱ्या प्रत्येक गावातल्या संस्थेनं हा भाग आधी वाचावा, असं मला कळकळीनं वाटतं. वास्तुशांतीनंतर कारकुनाचा पगार कोण देणार, हे पायाभरणीपूर्वीच ठरलेलं बरं.

हिंगण्याचा विस्तार गरजेच्या मागून होत गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचं नाव त्याला लागलं आणि पुढं त्याचं मुख्यालय मुंबईला गेलं. हिंगण्याची संस्था मात्र जागेवरच वाढली. १९९१ साली इथं मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि १९९४ साली वास्तुकलेचं. घर कसं बांधावं, भार कुठं पेलला जातो, ऊन-वारा कुठून घ्यायचा, हे आता मुली याच आवारात शिकतात.